प्रागच्या जुन्या गावाचे फोटो : दोन दिवसांत कुठून, किती वाजता, कसे

प्रागला जाणाऱ्या मराठी माणसाकडे सहसा दोनच दिवस असतात. कुणी बर्लिन किंवा व्हिएन्नाला कामासाठी आलेला असतो आणि शनिवार-रविवार जोडून चारेक तासांच्या रेल्वेने प्राग गाठतो. कुणी टूरच्या बसमधून उतरतो आणि 'दोन तास मोकळे, साडेचारला घड्याळाखाली भेटू' एवढंच ऐकतो. घरी परतल्यावर फोनमधून शेकडो फोटो निघतात आणि त्यांतल्या बहुतेकांत पूल कमी, डोकी जास्त. कॅमेऱ्याला दोष देण्यात अर्थ नसतो. ठिकाणांची यादी केलेली असते, वेळांची केलेली नसते, तिथेच गडबड होते. प्रागचं जुनं गाव पायी फिरून होण्याइतकं लहान आहे, त्यामुळे इथे प्रश्न एकच उरतो: कुठे किती वाजता उभं राहायचं.

पायरी १ : सूर्य कुठून येतो ते आधी पाहा

मुंबई १९ अंश उत्तरेला, प्राग ५० अंशांवर. आपल्याकडे वर्षभरात सूर्योदय तासभर मागेपुढे होतो. प्रागमध्ये जूनच्या शेवटी सूर्य पाचच्या आत उगवतो आणि सव्वानऊला मावळतो, तर डिसेंबरच्या शेवटी आठच्या सुमारास उगवून चारला गडप होतो. डिसेंबरच्या भर दुपारीही तो क्षितिजापासून जेमतेम १६-१७ अंश वर असतो. म्हणजे अरुंद गल्ल्यांत ऊन उतरतच नाही, फक्त वरच्या मजल्यांना आणि मनोऱ्यांना लागतं. उलट जूनमध्ये दुपारी तो ६३ अंशांवर असतो आणि अकरा ते चार उजेड सपाट, पांढरट होतो.

आपल्याला सवय नसलेली दुसरी गोष्ट म्हणजे संधिप्रकाश. मुंबईत सूर्य बुडाला की वीस-पंचवीस मिनिटांत काळोख. प्रागमध्ये हाच वेळ अर्ध्या तासापासून जूनमध्ये चाळीस मिनिटांपर्यंत लांबतो. आकाश गडद निळं आणि दिवे पिवळे असा जो फोटो सगळ्यांना हवा असतो, त्यासाठी इथे घाई करावी लागत नाही. बरेच जण सूर्यास्त झाला की कॅमेरा पिशवीत टाकून जेवायला जातात. खरं काम त्यानंतर पंधरा मिनिटांनी सुरू होतं.

महिना निवडायची मुभा असेल तर ऑक्टोबरचा मध्य घ्या. सूर्योदय साधारण सातवीसला, सूर्यास्त सहाच्या पुढे, म्हणजे झोपही होते आणि जेवणही. शिवाय त्या दिवसांत सूर्य साधारण चार्ल्स पुलाच्याच रेषेत उगवतो (फेब्रुवारीच्या शेवटीही तसंच) आणि व्ल्टावा नदीवर सकाळी धुकं असण्याची शक्यता बरी असते. जूनमध्ये तो खूप उत्तरेकडून, म्हणजे पुलाच्या डाव्या अंगाने वर येतो. मात्र जूनचा एक खास फायदा आहे: २१ जूनच्या आसपास पुलाच्या जुन्या गावाकडच्या टोकाजवळून पाहिलं तर सूर्य किल्ल्यातल्या सेंट व्हायटस कॅथीड्रलच्या बाजूला मावळतो. सूर्याची दिशा नकाशावर दाखवणारी अ‍ॅप्स मिळतात. निघण्याआधी त्यांत तारीख आणि जागा टाकून दहा मिनिटं खर्च करा, प्रागमधले दोन तास वाचतील.

पायरी २ : मुक्काम कुठे

नदीपासून पंधरा मिनिटांच्या चालीवर. जुनं गाव, 'मला स्त्राना' (नदीपलीकडचा, किल्ल्याखालचा भाग) किंवा नव्या गावाचा नदीकडचा भाग. खोली लहान आणि थोडी महाग असेल, पण पहाटे पाच-सहाला पायी पुलावर पोचता येणं हीच तुमची सर्वांत महागडी लेन्स समजा. टूरबरोबर असाल आणि हॉटेल बाहेरच्या भागात असेल, तर मेट्रो पहाटे पाचच्या सुमाराला सुरू होते. 'अ' मार्गावर स्तारोमेस्त्स्का स्थानकाला उतरा, तिथून पूल पाच-सात मिनिटांवर. त्याआधी हवं असेल तर रात्रीच्या ट्राम धावतात. कागदी तिकीट पहिल्या प्रवासात पिवळ्या यंत्रात छापून घ्यावं लागतं. नुसतं खिशात ठेवलेलं कोरं तिकीट चालत नाही, दंड होतो.

पायरी ३ : पिशवी

एकच सर्वसाधारण झूम, २४-७० किंवा २४-१०५ मिमी (आकडा लहान तर दृश्य रुंद, मोठा तर दूरचं जवळ), सत्तर टक्के काम करते. दुसरी लेन्स घ्यायचीच तर रुंद कोनाची घेण्यापेक्षा ७०-२०० ची घ्या. नवशिके नेमकं उलट करतात. रुंद लेन्सने दगडी फरशी आणि रिकामं आभाळच जास्त येतं. प्रागची गंमत एकामागे एक उभ्या असलेल्या शिखरांत आणि छपरांत आहे आणि ती लांब लेन्सनेच जवळ ओढली जाते. फोनवाल्यांनीही ०.५ पट विसरावं आणि २ किंवा ३ पट वापरावं.

ट्रायपॉड दीड किलोच्या आतला, दुमडून हातभर होणारा. पहाटे पुलावर आणि नदीकाठी तो चालतो. दिवसा गर्दीत तो इतरांच्या पायांत येतो आणि मनोऱ्यांवर उघडायला जागाच नसते.

बॅटऱ्या दोन जादा. विमानात सुट्या लिथियम बॅटऱ्या सामानात न टाकता हातातल्या पिशवीत ठेवाव्या लागतात. कॅमेऱ्याची बॅटरी साधारण १६ वॉट-तासांची असते आणि मर्यादा १०० ची, त्यामुळे काळजी नाही. चार्जरची पिन पाहून घ्या. आपल्याकडची बारीक दोन गोल पिनांची चालते, तीन गोल पिनांची जाड पिन तिथल्या सॉकेटमध्ये जात नाही. आणि विमानातच कॅमेऱ्याचं घड्याळ बदला: प्राग उन्हाळ्यात साडेतीन आणि हिवाळ्यात साडेचार तास मागे असतं. हे केलं नाही तर घरी आल्यावर पहाटेचे फोटो सकाळी अकराचे दिसतात आणि फोनमधले व कॅमेऱ्यातले फोटो एका क्रमाने लागत नाहीत.

ड्रोन घरी ठेवा. शहराच्या मध्यात त्यावर कडक बंधनं आहेत, शिवाय कॅमेरा असलेला ड्रोन अडीचशे ग्रॅमच्या आतला असला तरी युरोपीय संघात उडवणाऱ्याची नोंदणी लागते. दोन दिवसांसाठी ही उठाठेव कशाला?

बुटांबद्दल एकच: सगळं गाव घासून गुळगुळीत झालेल्या दगडी चिऱ्यांचं आहे. पाऊस पडला की ते साबणासारखे होतात. तळ रबरी हवा.

पायरी ४ : पहाटेचा चार्ल्स पूल

दोन दिवसांत एकच गोष्ट नीट करायची असेल तर ती ही. राजा चौथ्या चार्ल्सच्या काळात, १३५७ मध्ये बांधायला घेतलेला हा पूल सुमारे ५१६ मीटर लांब आणि दहाएक मीटर रुंद आहे. दोन्ही कठड्यांवर मिळून ३० शिल्पं आहेत. फक्त पादचाऱ्यांसाठी असल्याने तो चोवीस तास खुला असतो आणि सकाळी नऊनंतर माणसांनी भरून वाहतो.

सूर्योदयाच्या चाळीस मिनिटं आधी पोचा. उभं राहायचं ते मला स्त्रानाच्या टोकाकडून साधारण एक तृतीयांश पूल आत येऊन, तोंड पूर्वेला, म्हणजे जुन्या गावाच्या मनोऱ्याकडे. इथून दोन्ही बाजूंची शिल्पं काळ्या आकृत्या होऊन मनोऱ्याकडे धावतात आणि मनोऱ्याच्या शेजारी चर्चचा हिरवट घुमट उगवत्या उजेडात कोरल्यासारखा दिसतो. लेन्स ७० ते १०० मिमी. २४ ला हीच शिल्पं बाहुल्यांएवढी होतात.

आकडे असे. आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) १००, छिद्र (लेन्सचं उघडणं) एफ ८, कॅमेरा ट्रायपॉडवर, दोन सेकंदांचा टायमर. सूर्योदयाआधी अर्धा तास शटर ८ ते १५ सेकंद उघडं ठेवावं लागतं, पंधरा मिनिटं आधी एक-दोन सेकंद, सूर्य वर येताना सेकंदाचा आठवा-पंधरावा भाग. ८ सेकंदांच्या फोटोत चालणारी माणसं विरून जातात, पण थांबलेली माणसं भुतासारखी अर्धवट उमटतात. म्हणून समोर कुणी सेल्फीसाठी थांबलं असेल तर ते हलेपर्यंत शटर दाबू नका. ट्रायपॉड नसेल तर आयएसओ ३२००, एफ २.८, सेकंदाचा तिसावा भाग, आणि कोपरं कठड्यावर टेकवलेली. फोन असेल तर रात्रीचा मोड, फोन कठड्यावर टेकवून, आणि त्याआधी लेन्स रुमालाने पुसून. बोटाचं तेल लागलेल्या लेन्सवर प्रत्येक दिव्याला शेपूट फुटतं आणि ते नंतर कशानेही जात नाही.

एक्स्पोजर (फोटोत किती उजेड घ्यायचा ते) आकाशावरून घ्या. कॅमेरा आपणहून काळ्या शिल्पांना उजळायला जातो आणि आकाशातला केशरी रंग पांढरा करून टाकतो. एक ते दीड स्टॉप कमी ठेवा (एक स्टॉप कमी म्हणजे उजेड निम्मा) आणि रॉ फाइल (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेला मूळ फोटो) घ्या, म्हणजे सावलीतले तपशील नंतर वर आणता येतात. खात्री नसेल तर उणे दोन, शून्य, अधिक दोन असे तीन फोटो.

सूर्य मनोऱ्याच्या वर आला की पूर्वेचा खेळ संपला. आता पाठ फिरवा. बहुतेक लोक इथेच कॅमेरा मिटतात, पण याच क्षणी समोरच्या टेकडीवरच्या किल्ल्याला आणि कॅथीड्रलला पहिलं ऊन लागतं, तेही तुमच्या पाठीमागून, सरळ. पूल ओलांडून जुन्या गावाच्या बाजूला या आणि स्मेतना नदीकाठावरून किंवा नोवोत्नेहो लावका या पाण्यात शिरलेल्या चिंचोळ्या भागावरून पूल आणि किल्ला एकत्र घ्या. हा उजेड वीस-पंचवीस मिनिटं छान टिकतो, मग सपाट होतो.

पुलावर परत येताना किल्ल्याच्या दिशेने उजवीकडचं आठवं शिल्प पाहा. नेपोमुकच्या सेंट जॉनचा हा पुतळा १६८३ चा, पुलावरचा सर्वांत जुना. बाकीची बरीचशी शिल्पं वालुकाश्माची आणि मुळांच्या प्रतिकृती आहेत, हा मात्र काशाचा. त्याच्या चौथऱ्यावरचे फलक लोकांच्या हात लावण्याने काही ठिकाणी सोन्यासारखे चकाकतात, बाकी सगळं काळं पडलेलं. सकाळच्या तिरप्या उजेडात ५० मिमीने, एफ ४ वर, तीस-चाळीस सेंटिमीटर बाजूला सरकून घ्या. समोरून घेतलं तर चकाकणाऱ्या भागात तुमचीच सावली पडते.

पुलावर पहाटेही तुम्ही एकटे नसाल. लग्नाच्या पोशाखातली जोडपी आणि त्यांचे फोटोग्राफर तुमच्याआधी आलेले असतात. चिडून उपयोग नाही. पाचेक मिनिटांत ती पुढच्या शिल्पाकडे सरकतात. पांढरा झगा दूर, लहानसा आला तर फोटो सुधारतो, बिघडत नाही.

पायरी ५ : घड्याळ आणि चौक

जुन्या नगरभवनाच्या दक्षिण भिंतीवरचं ओरलोय हे १४१० चं खगोलीय घड्याळ. सकाळी नऊपासून रात्री अकरापर्यंत दर तासाला वरच्या दोन खिडक्यांतून बारा प्रेषितांच्या (येशूच्या शिष्यांच्या) मूर्ती फिरून जातात, सांगाडा घंटा ओढतो, शेवटी कोंबडा आरवतो. सगळा कार्यक्रम मिनिटभराच्या आतला. खाली शेकडो हात फोन उंचावून उभे असतात आणि पाकीटमारांचाही तासाचा पगार तेव्हाच होतो. पिशवी पोटावर घ्या, चेन तुमच्याकडे.

प्रेषित हवेच असतील तर वीस मिनिटं आधी जा, अगदी खाली न थांबता पंधरा-वीस मीटर मागे उभे राहा आणि १०० मिमीच्या पुढे जा. खालून मान वर करून घेतलं तर कठडा खिडक्यांच्या आड येतो. शटर सेकंदाचा अडीचशेवा भाग. तबकड्या हव्या असतील तर प्रेषितांची गरजच नाही. सकाळी आठ-साडेआठला चौकात शांतता असते आणि भिंत दक्षिणेकडे असल्याने उजेड बाजूने येतो, आकड्यांचा सोनेरी मुलामा उठून दिसतो. रात्री मात्र तबकडीवरच्या दिव्यांनी फोटो पांढरा होतो, दोन स्टॉप कमी करा.

चौकातल्या टीन चर्चचं उलट आहे. त्याचं तोंड पश्चिमेला, म्हणून सकाळी ते काळं दिसतं आणि दुपारी तीननंतर खुलतं. दोन्ही मनोरे ८० मीटर उंच आणि नीट पाहिलं तर एक दुसऱ्यापेक्षा जाड. चर्चच्या पुढ्यात घरं असल्याने खालचा भाग दिसतच नाही, तेव्हा दार शोधत बसू नका.

मनोरे मागे कलंडलेले येणं ही इथली नेहमीची तक्रार. कारण साधं आहे: कॅमेरा वर वाकवला की उभ्या रेषा वर जाताना जवळ येतात. कॅमेरा उभा आणि अगदी समपातळीत धरून २४ मिमीला शंभर-सव्वाशे मीटर मागे गेलात, तर टोकं जेमतेम चौकटीत बसतात. खालचा अर्धा भाग फरशीने भरतो, तो कापून टाका. एवढं मागे जाता येत नसेल तर वाकवून घ्या, पण चारही बाजूंना थोडी जागा सोडा, कारण नंतर स्नॅपसीड किंवा लाइटरूमसारख्या फोटो सुधारणाऱ्या अ‍ॅपमध्ये रेषा सरळ करताना कडा कापल्या जातात. टोकाला चिकटून घेतलेल्या मनोऱ्याचं शिखर याच दुरुस्तीत उडतं.

पायरी ६ : भर दुपारी

दुपारी मोठी दृश्यं सोडून द्या. जेवा, झोपा, किंवा सावलीत काम करा: त्सेलेत्ना रस्त्यावरच्या घरांच्या दरवाजांवरची चिन्हं, कमानींखालचे रस्ते, नेरुदोवा रस्त्यावरच्या घरांवरची कोरीव प्रतीकं. घरांना क्रमांक नव्हते तेव्हा हीच प्रतीकं पत्त्याचं काम करत. तीन सारंगी, दोन सूर्य, लाल कोकरू... एकाच कोनातून आठ-दहा घेतलीत तर छान मालिका होते. किल्ल्याच्या मागे नोवी स्व्येत नावाची छोटी वाकडी गल्ली आहे, तिथे दुपारीही फारसं कुणी नसतं.

चर्चच्या आत जाताना दाराशी पाटी वाचा. नियम जागोजागी वेगळे आहेत आणि फ्लॅश जवळपास कुठेच चालत नाही. माणसांचे जवळून फोटो घेण्याआधी विचारा. चेकियात ओळखू येईल असा फोटो घ्यायला सर्वसाधारणपणे संमती अपेक्षित असते. मुलांच्या बाबतीत तर विचारल्याशिवाय नकोच.

पायरी ७ : दोन संध्याकाळी, दोन उंच जागा

एक संध्याकाळ नगरभवनाच्या मनोऱ्यावर. लिफ्ट आहे, पण वरची गॅलरी अरुंद, दोन माणसं जेमतेम एकमेकांना ओलांडतात. सूर्यास्ताच्या पाऊण तास आधी वर असा आणि त्या दिवशीचा शेवटचा प्रवेश किती वाजता हे सकाळीच विचारून ठेवा. आधी टीन चर्चची बाजू, तिच्यावर मावळतं ऊन असतं. मग किल्ल्याची बाजू. ट्रायपॉडऐवजी कठड्यावर गुंडाळलेला मफलर ठेवून त्यावर लेन्स टेकवा. एक सेकंदापर्यंत चालून जातं.

दुसरी लेतना टेकडीवर. मलोस्त्रान्स्का मेट्रो स्थानकापासून चढून वीसेक मिनिटं. हानावस्की पॅव्हिलियनजवळून नदीवरचे पूल एकामागे एक रचल्यासारखे दिसतात. ७० ते १३५ मिमी, एफ ८, सूर्यास्तानंतर पंधरा ते तीस मिनिटं. आकाश आणि दिवे यांची ताकद त्या वेळी सारखी होते. त्याआधी दिवे फिके, नंतर आकाश काळं.

खाली मानेसोव्ह पुलावरूनही चार्ल्स पूल सुरेख दिसतो, पण त्यावरून ट्राम जाते आणि अख्खा पूल थरथरतो. लांब एक्स्पोजर ट्राम गेल्यावर पाच-दहा सेकंदांनीच सुरू करा. ट्रायपॉड उत्तम असून फोटो हलला, ही तक्रार बहुतेकदा इथली असते.

डिसेंबरात गेलात तर नाताळच्या आधीच्या आठवड्यांत चार्ल्स पुलावर संध्याकाळी दिवेवाला लांब काठीने गॅसचे दिवे हाताने पेटवत जातो. २००२ पासून प्रागने काही रस्त्यांवर गॅसचे दिवे परत आणले आहेत. त्याच्या मागे धावू नका. दोन दिवे पुढे जाऊन थांबा, आयएसओ ३२००, सेकंदाचा सव्वाशेवा भाग, आणि काठी दिव्याला लागते तेव्हाच शटर दाबा.

थंडी आणि पाऊस

शून्याखाली बॅटरी लवकर उतरते, म्हणून जादा बॅटरी आतल्या खिशात, अंगाच्या उबेला. बाहेरून गरम कॅफेत शिरताना कॅमेरा आधी हवाबंद प्लास्टिकच्या पिशवीत बंद करा आणि अर्धा तास तसाच ठेवा. थंड काचेवर आतल्या हवेची वाफ धरते, ती मग पिशवीच्या बाहेर धरेल. उघडा कॅमेरा आत नेलात तर पुढचा अर्धा तास सगळंच धुकट.

पाऊस आला तर खोलीत बसू नका. अंधार पडल्यावर ओल्या कार्लोवा रस्त्यावर चिऱ्यांत दुकानांचे दिवे उतरतात. कॅमेरा गुडघ्याच्या उंचीवर घ्या, छत्री असलेलं कुणी समोरून येईपर्यंत थांबा.

निघण्याआधी

रोज रात्री फोटोंची दुसरी प्रत करा, फोनवर का होईना, आणि कार्ड व प्रत वेगळ्या पिशव्यांत ठेवा. २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याच्या ६४ जीबी कार्डावर दोनेक हजार रॉ फाइल मावतात, तेव्हा जागेसाठी प्रागमध्ये काही पुसायची गरज नाही. चौकटीतली चूक कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर कळत नाही आणि घाईत चांगला फोटो जातो.

परतीची रेल्वे जर्मनीतल्या ड्रेस्डेनमार्गे असेल तर उजव्या हाताची खिडकी आरक्षित करा. व्ल्टावा आणि मग एल्बे नदी याच बाजूने चालते. सीमेच्या आसपास वालुकाश्माचे कडे सुरू होतात. लेन्स काचेला टेकवून, भोवती काळं जाकीट धरून, सेकंदाच्या हजाराव्या भागाला घ्या, म्हणजे डब्यातले दिवे काचेत दिसणार नाहीत.